सासरेबुवा आणि पितळी टोकन

तीर्थस्वरूप अच्युतदादांच्या चरणी विश्वंभराचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा हा नमस्कार सहा अंगांचाच समजून गोड मानून घ्यावा. बाकी पुढच्या भेटीत चुकती करीन.) तुमचा रक्तदाब वहिनींच्या धाकात असेलच. लेस्टरला ऊन पडलंय असं वहिनी फोनवर सांगत होत्या. इथे वेल्समध्येही पडलं होतं, पण आम्ही छत्र्या मिटेपर्यंत गेलं.

पत्रास कारण, मला एक गंभीर तक्रार करायची आहे आणि जन्मभर लोकांची हाडं जोडलेल्या माणसाशिवाय ती कोणाला कळणार नाही. इथल्या डोंगरांतल्या छोट्या आगगाड्या ज्याने कोणी आखल्या, त्याने खाणीतले दगड डोळ्यांसमोर ठेवून आखल्या. दगडाला गुडघे नसतात. मला आहेत, आणि समोर बसलेल्या अपरिचित बाईंनाही होते. हे चारही गुडघे त्या डब्यात एकमेकांत असे गुंतून बसतात, की उतरताना कोणते कोणाचे हे ठरवायला पंच नेमावेत. मराठीने संस्कृतचं द्विवचन टाकून दिलं हे मला या प्रवासात प्रथमच खटकलं. गुडघ्यांच्या दुःखाला अनेकवचन पुरत नाही, दादा. त्यात त्या बाई इथल्याच, त्यामुळे माझा गुडघा त्यांना लागला की क्षमा त्या मागायच्या. मग मी मागायचो. असं करत आम्ही दोन बोगदे आणि एक धबधबा पार केला आणि दोघांनीही धबधबा पाहिला नाही.

आता तुम्ही विचाराल, पाणिनीखेरीज कशात रस नसलेला हा गृहस्थ सुट्टीत आगगाड्यांतून का हिंडतोय? तर नेरिसने पाठवलं म्हणून. (तुमची भावजय तुम्हाला नमस्कार सांगते. ‘सांगते’ हे वर्तमानकाळी क्रियापद मी माझ्या जबाबदारीवर वापरलं आहे. हे पत्र तिला ठाऊक नाही.) ती म्हणाली, “बाबा आठवडाभर सगळ्या छोट्या गाड्या आणि इंजिनांची संग्रहालयं बघत फिरणार आहेत. तू बरोबर जा.” मी म्हटलं, मला इंजिनातलं काय कळतं? त्यावर म्हणाली, “तुला इंजिनं नाही बघायची. तुला बाबांना बघायचंय.”

माझे सासरे एमरिस तुम्ही आमच्या लग्नात पाहिले आहेत. चॅपलच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला गंभीर चेहऱ्याने “या, अंत्यविधी आतच आहे” असं सांगत होते, ते. खाणीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या गावच्या वाफेच्या गाडीवर ते हौसेने ड्रायव्हर आहेत. पगार नाही, पण गावात पाद्रीबोवांच्या वरचा मान आहे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी गावच्या जत्रेची गाडी त्यांच्याकडे असते. खोऱ्यातल्या शाळांची सगळी पोरं फुग्यांसकट त्यात कोंबलेली असतात आणि पुढे उतार आहे. नेरिसच्या मनात शंका आली ती चहाच्या किटलीवरून. एकदा त्यांनी रिकामी किटली जाळली, एकदा तीच किटली बिछान्यात सापडली. विचारलं तर म्हणाले, “तिला थंडी वाजत होती.” नेरिस हसली, आणि हसून झाल्यावर माझ्याकडे बघितलं.

म्हणजे मी प्रवासी नव्हतो, हेर होतो. आणि हेर म्हणून माझी लायकी अशी, की पहिल्याच स्टेशनवर सासरेबुवा म्हणाले, “पंडिता, तुला माझ्यावर पहारा ठेवायला धाडलंय ना? मग नीट ठेव. आमच्या पोरीला अर्धवट काम खपत नाही.” असं म्हणून त्यांनी मला बारा ब्रिथचा एक जाड काप दिला. (इथे ‘बारा’ म्हणजे पाव. इतकी वर्षं झाली तरी एक काप हातात पडला की बाकीचे अकरा कुठे गेले असं मला वाटतंच.)

मी पहारा ठेवला. इंजिनाविषयी बोलताना त्यांची जीभ कुठे अडखळत नाही. वाफ, दाब, चाकं, बॉयलर सगळं जागच्या जागी. पण इतरत्र त्यांच्या वाक्यांतली नामं हल्ली अध्याहृत असतात. “ते दे रे, ते... गरम राहतं ते.” मी थर्मास देतो. “त्याला हाक मार, तो... लाल मफलरवाला.” मी गार्डाला हाक मारतो. क्रियापदं सगळी शाबूत आहेत, कर्ता-कर्मच तेवढी निघून चालली आहेत. व्याकरणात याला दोष म्हणत नाहीत. सुज्ञ वाचकाने भर घालायची असते. मी आठवडाभर भर घालत होतो आणि आपण हे वाचन करतोय की लबाडी, हे मला कळत नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच आहे. जन्मभर थट्टा करणाऱ्या माणसाचं विसरणं ओळखायचं कसं? संग्रहालयात एक थोरलं इंजिन दोरी लावून ठेवलं होतं. सासरेबुवा दोरी ओलांडून सरळ वर चढले आणि मला ओरडले, “पंडिता, बघत काय बसलास? फावडं घे! वाफ उतरतेय!” भट्टीत लाकडाचे, काळे रंगवलेले खोटे कोळसे होते, तेही खिळ्यांनी ठोकलेले. मी फावडं घेतलं. (तुमचा भाऊ, तर्कतीर्थांचा शिष्य, खिळ्यांनी ठोकलेल्या कोळशावर फावडं घासतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा आणि लगेच विसरून जा.) खाली गर्दी जमली, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि एका आजीबाईंनी विचारलं, पुढचा खेळ किती वाजता? सासरेबुवांनी वाकून अभिवादन केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “काय, घाबरलास ना?” मी हो म्हटलं. “शाबास,” म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून हात पुसू लागले. चांगले घासून, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. ते इंजिन गार होतं, दादा, आणि रोज पुसून लख्ख ठेवलेलं. हाताला लागण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

आता नांत गोख स्टेशनाची हकीकत. तिथे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात. पुढच्या मार्गाचं एकच पितळी टोकन असतं, आणि ते ज्याच्या हातात तोच ड्रायव्हर गाडी पुढे नेऊ शकतो. टोकन नाही तर गाडी नाही, मग प्रत्यक्ष राजा डब्यात बसलेला असो. गाडी थांबली तसे सासरेबुवा पाय मोकळे करायला उतरले. मी माझे गुडघे सोडवून घेत मागे राहिलो. थोड्या वेळाने ते आत येऊन बसले. गाडी हलेना. समोरून आलेली गाडीही तिथेच उभी राहिली. बाहेर आवाज चढले. सिग्नल सांभाळणाऱ्या ग्वेन्नोबाई (एरवी शाळेत गणित शिकवतात) म्हणत होत्या, “दिलं की मी!” ड्रायव्हर हिउ म्हणत होता, “कोणाला दिलंत?” “ड्रायव्हरला!” “अहो बाई, ड्रायव्हर मी आहे!” “तुम्हाला नाही, त्या दुसऱ्या ड्रायव्हरला!” “एका गाडीला ड्रायव्हर असतात किती?” यावर गणिताच्या बाई बोटं मोजू लागल्या.

मग शोध सुरू झाला. फलाटावरचे बाक उलटे झाले, फुलांच्या कुंड्यांत हात घालून झाले. सगळ्यांत मोठ्या आवाजात शोधत होते ते सासरेबुवा. खाली उतरून हिउला फैलावर घेत होते, “माझ्या हाताखाली असतास तर कान उपटला असता! टोकन हरवतं कसं माणसाचं?” हिउ, जो त्यांच्याच हाताखाली शिकला, मान खाली घालून ऐकत होता. मग बोलून घसा कोरडा पडला म्हणून सासरेबुवांनी पेपरमिंटसाठी कोटाच्या खिशात हात घातला, आणि तो हात आतच राहिला.

मी त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांचा चेहरा मी पाहिला. एक क्षणभरच. आपण कुठे उतरलो हे न कळलेल्या माणसाचा होता तो. पुढच्या क्षणी त्यांनी टोकन वर धरलं आणि खदखदून हसले, “अरे, बघत होतो तुम्हाला किती वेळ लागतो!” सगळा फलाट हसला. ग्वेन्नोबाई म्हणाल्या, “ती तेलकट टोपी बघून मी तुम्हालाच ड्रायव्हर समजले हो!” हिउने मिठी मारली, “म्हाताऱ्या, अजून तसाच लबाड आहेस!” दोन्ही गाड्यांनी शिट्ट्या दिल्या. गाडी सुटल्यावर त्यांनी मला एक पेपरमिंट दिली आणि खिडकीबाहेर बघत हळूच विचारलं, “नेरिसला सांगणार आहेस?” मी म्हटलं, “सांगायचं काय त्यात? तुम्ही थट्टा केलीत.” म्हणाले, “हो. थट्टाच ती.”

असो. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, आणि त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची आठवण येते हेही सांगावं.

तुमचा,
विश्वंभर

ता. क. एक विनंती राहिली. (खरं म्हणजे पत्र तिच्यासाठीच लिहायला घेतलं होतं.) ऑगस्टच्या पहिल्या रविवारी एमरिसना लेस्टरला बोलवाल का? तिकडे इंजिनांचं एखादं संग्रहालय असेलच. नसेल तर काढा. जाणकार माणूस हवा असं तुम्ही स्वतः म्हणालात, तर ते नाही म्हणणार नाहीत. रेल्वेच्या डॉक्टरने त्यांचे डोळे, कान, हृदय तपासून उत्तम म्हणून सही केली आहे. विसरण्याचा रकाना त्या कागदावर नाही.

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द समजावी. एक रविवार चुकवून काय होणार? नेरिसने विचारलं, बाबा कसे होते? मी ‘मजेत’ म्हणालो आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. जत्रेची गाडी आता चालवू नका, असं त्यांना मीच सांगतो. उद्याच सांगतो.

ता. क. तिसरा. सांगितलं, दादा. नेरिस सोबत होती. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. “पोरांची गाडी आहे, तुझं खरं आहे, हिउला चालवू दे,” म्हणाले. मला वाटलं, सुटलो. दुपारी त्यांचा फोन आला. “पंडिता, रविवारी मला जरा पहाटेच नेशील का? बॉयलर तापायला वेळ लागतो.”

एकदा सांगायचं धैर्य मी कसंबसं आणलं होतं. मला भीती वाटते ती वेगळीच. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार आहे, आणि त्यांना ते दर वेळी पहिल्यांदाच कळणार आहे.