कापसाच्या पलीकडचा वाय-फाय

रविवार, ५ मार्च २०२३
दिवाळीपासून वहीत एक ओळ नाही. वहीची माफी मागतो. कॉलेजच्या कामाचं कारण लिहिलं होतं, ते खोडलं. आळस होता.

आज बसलो, कारण आईचा म्युझिक प्लेयर मुका झालाय. चौदा वर्षांपूर्वी मी पुण्याहून आणला. तार नाही, सीडी नाही. मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधली भजनं वाय-फायवरून थेट समोरच्या खोलीत, आईच्या उशाशी. तेव्हा लोक बघायला येत. आईची नजर गेल्यापासून तिचा दिवस त्या भजनांवरच उजाडतो. मागच्या महिन्यात विजेच्या झटक्यानं राउटर जळला. केबलवाल्यानं नवा बसवला, चार अँटेनांचा. तेव्हापासून प्लेयरवर एकच ओळ: नेटवर्क नाही.

प्रेरणा म्हणाली, आईंना साधा रेडिओ आणून द्या नं. बायकोला आठवण करून दिली की दारव्ह्याच्या कॉलेजात अकरावीला तरंग मीच शिकवतो. आईला शब्द दिला, आठ दिवस. आई म्हणाली, घाई नाई बापू, मी तवरीक जिती राह्यली म्हंजे झालं.

सोमवार, ६ मार्च
पायल म्हणाली, बाबा, नव्या राउटरनं हळू अन् जलद, दोन्ही लहरी एकाच नावाखाली टाकल्या हायेत, अन् पासवर्डचं कुलूपही नव्या पद्धतीचं हाये. आपला डबा म्हातारा, त्याले ते उघडता येत नाई. सेटिंग बदला. मुलगी माझ्याच वर्गात आहे, म्हणून शांतपणे ऐकून घेतलं. पण सेटिंग म्हणजे वरवरचा इलाज. मूळ कारण मला दुपारी दिसलं.

कापूस.

राउटर मधल्या खोलीत, प्लेयर समोरच्या. मध्ये, आईच्याच खोलीत, छताला टेकलेला आमचा कापूस, डिसेंबरपासून. लहरी त्यातच अडकतात.

शंका: जुना राउटर जानेवारीत याच कापसातून चालत होता. मग? बराच विचार केला. तेव्हा कापूस ताजा, मोकळा होता. आता दबून घट्ट झालाय. शंका मिटली.

मंग इकून टाका कापूस, प्रेरणा लगेच म्हणाली. घरात सगळ्यांच्या अंगाला खाज आहे, तिला निमित्तच हवंय. स्पष्ट सांगितलं: मागच्या वर्षीचा भाव आल्याशिवाय बोंडभर कापूस घराबाहेर जाणार नाही. अख्खं गाव थांबलंय. पारावर आलेख काढून मीच थांबवलंय.

निर्धार: प्लेयर वाजेल आणि कापूसही राहील.

बुधवार, ८ मार्च
कापसातून बोगदा. राउटर ते प्लेयर, सरळ रेषेत, दोन फूट रुंद. मीच आत शिरलो. अर्ध्यावर ढीग अंगावर बसला. शेजारच्या फुलसिंगनं पाय धरून ओढून काढलं. सर, पुरात बुडलेले पाह्यले, कापसात बुडणारा मानूस पयल्यांदाच पाहून राह्यलो, म्हणाला. त्याच्याही घरात कापूस आहे, माझ्याच सल्ल्यानं.

नेटवर्क नाही. खाज आहे.

शुक्रवार, १० मार्च
प्रामाणिकपणे नोंदवतो. प्रेरणानं तिचा मोबाईल आईच्या उशाशी ठेवून दाखवला. वाय-फाय पूर्ण येतं. कापूस मध्ये असूनही.

दोन तास अस्वस्थ होतो. मग लक्षात आलं: मोबाईल उतावळा, कशालाही होकार देतो. प्लेयर जुन्या वळणाचा, खात्री पटल्याशिवाय बोलत नाही. मी त्याच्या बाजूनं आहे.

रविवार, १२ मार्च
आठ दिवस संपले.

पहाटे आई उठून बसली. प्लेयर हातानं चाचपला, बटण दाबलं, वाट पाहिली. मग स्वतःच भजन म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला खोकला आला. कापसाची धूळ. मी दारातच उभा होतो. दिवसभर सगळ्यांसाठी उत्तर तयार ठेवलं होतं. वापरावं लागलं नाही.

मंगळवार, १४ मार्च
कापूस विकला. गावोगाव फिरून कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची, खेडा खरेदीची गाडी दारात आली होती. भाव लिहीत नाही.

फुलसिंगनं विचारलं, सर, काहून? तुम्हीच तं थांबा म्हनत होते. सांगितलं, याचा बाजाराशी संबंध नाही, हा प्रयोग आहे. मंग मी काय करू? तू थांब, म्हटलं. मागच्या वर्षीच्या भावाखाली एक बोंड देऊ नको.

संध्याकाळी ७. खोली रिकामी. प्लेयरला राउटर समोर दिसतोय. नेटवर्क नाही.

७.१५. पायलला म्हटलं, तुझी ती सेटिंग. प्रयोगाची दुसरी बाजू म्हणून तपासून घेऊ.

७.२५. तिनं हळू लहरीला वेगळं नाव दिलं, त्याला जुनं कुलूप लावलं. प्लेयर वाजला. पायल दप्तर उचलून अभ्यासाला गेली.

बुधवार, १५ मार्च
पहाटे पाचला भजन सुरू. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. एक कडवं झालं, आणि म्हणाली, बंद कर बापू. विहिरीत बसून गाऊन राह्यल्यावानी आवाज येते. कापूस होता तवा कसं मऊ वाजे.

बरोबर आहे तिचं. रिकामी खोली, वर टिन. आवाज घुमणारच. कापूस आवाज शोषतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.

म्हणजे कापसाबद्दल मी चुकलो नव्हतो. संबंध होताच. फक्त उलटा होता.

हे प्रेरणाला समजावून सांगितलं. ती हसत सुटली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, न खाजवता.

आईच्या उशामागच्या भिंतीला आणि वरच्या टिनाला कापूस लावला की झालं. पण सरांनी विकला म्हणून काल त्याच गाडीत अख्ख्या गल्लीचा कापूस गेला. उरला एकटा फुलसिंग. तो मागच्या वर्षीच्या भावाखाली एक बोंड देणार नाही.

उद्या: फुलसिंगकडून दोन गाठोडी कापूस विकत आणणे.