साक्षगंधाची कॉफी

३ फेब्रु., मंगळ.
धाकट्या प्राचीच्या होणाऱ्या नवऱ्याचा, सौरभचा, पुण्याहून फोन. वाटलं साक्षगंधाच्या जेवणाचं, अंगठ्यांचं विचारेल. तर म्हणे, "ताई, संध्याकाळच्या पार्टीत ड्रिंकचा एक शॉट ठेवायचाय, सिमेंट मिक्सर. क्रीम लिकर तिकडे मिळेल की नाही, डाउट आहे. घरी बनवाल? व्हिडिओ पाठवतो."
सकाळी पंचशील घ्यायचं आणि संध्याकाळी हे! बाप्पा! तरी हो म्हटलं. आई गेल्यापासून प्राचीचं सगळं माझ्यावर. आधीची दोन स्थळं फिसकटली, हे तरी टिकावं. बाबांना कळू द्यायचं नाही. त्यांनी जन्मात दारूला हात लावला नाही. रोज सकाळी पाचवं शील, दारू न पिण्याचं, इतक्या जोरात म्हणतात की शहापूरच्या अर्ध्या गल्लीला ऐकू जाते.

५ फेब्रु., गुरु.
केलं एकदाचं. आमच्या क्वार्टरच्या खिडक्या लावून, चोरासारखं. डब्यातलं गोड दूध, क्रीम, कॉफी, ह्यांनी आणलेली व्हिस्की. चटणीच्या भांड्याला आता गुत्त्याचा वास. दिसते मात्र कोल्ड कॉफी.
मग तो शॉट. ते तोंडात धरायचं, गिळायचं नाही. वरून लिंबाचा रस घ्यायचा. मान गदागदा हलवायची. दूध तोंडातच फाटते. ह्यांनी करून पाहिलं. गाल फुगले, डोळे बाहेर, धावत बेसिनवर.
"अबे, पनीर झालं तोंडात!"
बेसिनमध्ये गुठळ्या. लेकरू ओकते तसल्या. लेकराचं निदान पुसावंसं वाटते. मी तोंडाला लावलं नाही. आणि हे तोंड पुसत हसून राहिले. म्हणे, लोकांची फजिती पाहायची, त्यातच मजा आहे. कसली मजा? असं दूध मी मांजरालेही देत नाही.

८ फेब्रु., रवि.
सकाळ छान गेली. अंगठ्या झाल्या. शील घेताना बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. सौरभनंही हात जोडून म्हटली, पाचही.
संध्याकाळी हायवेवरचं लॉन. बाबा घरी निघालेले. सौरभनं हात धरून परत आणलं. "बाबा, स्पेशल कॉफी. ताईंनी केलीय." माझं नाव घेतलं मेल्यानं! मी दुसऱ्या टोकाला पाहुण्यांना वाढत होते. मी पोचेपर्यंत बाबांनी तोंडात घेतलीही. "गिळू नका बाबा, हे पण घ्या." लिंबू. जावयाचा शब्द, ऐकला बाबांनी.
गाल फुगलेले. डोळ्यांत पाणी. थुंकायला जागा शोधून राहिले. समोर व्याही, विहीणबाई, आणि सौरभचा मोबाइल रोखलेला. गिळलं.
सगळे हसले. प्राचीही. मग तिनं माझं तोंड पाहिलं.
सौरभला गाठून म्हटलं, बाबा पीत नाहीत माहीत होतं ना? "एवढ्याशानं काय होतंय ताई? चिल." चिल म्हणे! थोबाडीत द्यावीशी वाटली.
घरी जाताना बाबा म्हणाले, "त्या कॉफीत काय होतं, माय?"
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
"बरं," म्हणाले.

९ फेब्रु., सोम.
काल शहापूरला बाबांकडेच राहिले. सकाळी बाबांची वंदना. चार शीलं म्हटली. पाचव्याला थांबले. मी चहाचं पातेलं धरून उभी. आता म्हणतील, आता म्हणतील... हात जोडले, चपला घातल्या, बाहेर गेले.
प्राची म्हणाली, "ताई, बाबा काहून थांबले?"
सांगितलं. ती मटकन खाली बसली. "मले वाटलं, त्याईले नुसती कॉफी देली. गंमत म्हणून. मी हसली ना वं ताई."
मी तर बनवली. क्वार्टरवर येऊन मिक्सरचं भांडं तीनदा घासलं, वास जात नाही.

११ फेब्रु., बुध.
प्राचीचा फोन. आजही चारच.
सौरभनं व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली हसून हसून रडणारे चेहरे. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरी गुठळी दिसते. किळस आली. गुठळीची नाही, टाकणाऱ्याची. प्राचीनं काढ म्हटलं तर म्हणाला, "तुमच्याकडे सगळेच एवढे सेन्सिटिव्ह आहेत का?"
तिनं रविवारी माझ्या क्वार्टरवर बोलावलंय त्याला. त्या कॉफीची उरलेली बाटली मोरीत ओतते म्हटलं, तर म्हणे, "फेकू नको, ताई. राहू दे फ्रीजमध्ये."

१५ फेब्रु., रवि.
बाबा, प्राची सकाळीच आले. वरण-भात, वांग्याची भाजी झाली. सौरभचा मेसेज, नागपूरहून निघाला.
प्राचीनं बाटली काढली. ट्रेमध्ये दोन छोटे ग्लास. एकात ते, एकात लिंबू पिळलं.
हे म्हणाले, "येडी झाली का? जावई होय तो."
"अजून नाही झाला, भाऊजी. बाबाच्या समोर घेईल, गिळेल, मंग पुढचं बोलेल तो. नाही घेतलं तर आपली अंगठी घेऊन जाईल."
बाहेरच्या खोलीतून बाबा, "लिंबू कायले पिळून राहिली वं?"
मला तिथं उभं राहवलं नाही. आत येऊन लिहून राहिले. ट्रेवरचा वास इथपर्यंत येते. प्राचीला अडवायला पाहिजे, मोठी मी आहे. पाय उचलत नाही.
गाडी थांबली फाटकाशी. बाबाच उठले, दार उघडायला.