तुमचे दादा विमानातच राहिले

तळेघरच्या धर्माजी भावजींना शिनोलीहून वहिनी कुशाबाईचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? भातलावणी आली की दुखतो आणि ताट वाढलं की बरा होतो, असं जाऊबाई सांगत होत्या. माझी तब्येत ठणठणीत आहे. (पत्र मंगल लिहितेय. सून झाल्यापासून सासूचं बोलणं ती आज पहिल्यांदाच मन लावून ऐकतेय.) फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडं रेंज येते तेव्हा तुम्ही झोपलेले असता, आणि ही गोष्ट मध्येच तुटली तर तुम्ही अर्धीच गावभर कराल.

तुमच्या दादांच्या अस्थी काशीला न्यायच्या ठरल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. जाताना त्यांनी तेवढंच मागितलं. जन्मात त्यांनी माझ्याकडं चहाशिवाय काही मागितलं नव्हतं, म्हणून नाही म्हणता येईना. भरतनं मोबाइलवर स्वस्तातलं विमान शोधलं. मी विचारलं, बाबा, यांना परवडतं कसं? तर म्हणाला, "आई, ते फालतू खर्च करत न्हाईत." फालतू म्हणजे आपण, हे मला नंतर कळलं.

पाणी फुकट नाही, खुर्ची मागं कलत नाही आणि मायलेकरांनी शेजारी बसायचं तर त्याचे पैसे वेगळे. भरतनं ते वाचवले, म्हणून तो पुढं दारापाशी आणि मी पार शेपटीत, संडासाच्या भिंतीला टेकून. ज्या पोरी पट्टा बांधायला शिकवतात त्याच नूडल्स विकतात, त्याच खरकटं गोळा करतात आणि माणसं उतरली की त्याच झाडलोट करतात. (हे वाक्य लिहायला मंगलनं जरा जास्तच वेळ लावला.)

मी गाठोडं मांडीवर धरून बसले होते. अस्थी जमिनीला टेकवायच्या नाहीत, असं निघताना तुम्हीच बजावलं होतं. त्यातली एक पोर येऊन म्हणाली, सामान पुढच्या सीटखाली ठेवा. म्हणजे माझ्या पायांशी! भावजी, सारा जन्म ज्यांच्या पाया पडले त्यांना पायाखाली घेऊ? मी हलेना. मागचे वरचे कप्पे तर भरलेले. शेवटी तिनं दोन्ही हातांनी दादांना उचललं (पोर चांगल्या घरची होती) आणि पुढं नेऊन भरतच्या डोक्यावरच्या कप्प्यात ठेवलं. मला बरं वाटलं. जमिनीपासून इतक्या उंच आपल्या घरात कुणी गेलं नव्हतं.

काशीला शिड्या दोन. वेळ वाचावा म्हणून पुढचे पुढून उतरवतात, मागचे मागून. भरतनं ते कप्प्यात ठेवताना बघितलंच नव्हतं, त्याला वाटलं, गाठोडं आईच्याच मांडीवर आहे. मला वाटलं, डोक्यावर बाप आहे, पोरगं कशाला विसरेल? खाली पुढची गिऱ्हाइकं घेऊन बस येऊन उभीच होती. विमानतळाच्या इमारतीत गेल्यावर आम्ही एकमेकांच्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

दारावरचे शिपाई परत सोडेनात. कंपनीची तिथं एकच मुलगी. सामान तोलणारी तीच, माइकवर ओरडणारी तीच आणि पळत जाऊन चिठ्ठ्या फाडणारीही तीच. तिला गाठेपर्यंत विमान उडालंसुद्धा. अहो, नांगरून आल्यावर बैलालाही आपण घटकाभर सावलीत सोडतो. हे लोक विमान उभंच करत नाहीत, उभं राहिलं की त्यांचा तोटा.

आत काही मौल्यवान होतं का, असं त्या मुलीनं विचारलं. मी भरतला म्हटलं, "तिला सांग, मौल्यवान न्हाई. पण एकच व्हतं."

बिचारी फोन फिरवत राहिली. विमान कलकत्त्याला गेलं, तिथून बंगळूरला, तिथून आणखी कुठं. मंचरच्या बाजारापलीकडं न गेलेला माणूस! संध्याकाळी तसंच एक विमान आलं, मी उठून उभी राहिले. ते निराळं निघालं. सगळी विमानं एकाच छापाची घेतात म्हणे, म्हणजे एकच मिस्त्री सगळ्यांना चालतो. बाईमाणसानं आपलं कसं ओळखावं? गाठोडं कुठंच मिळालं नाही. केरात गेलं असेल, असं कुणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही.

घाटावर सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं, आमच्या हातात तिकिटाचा तुकडा. गुरुजींनी विचारलं, अस्थी कुठायत? मी बुडी मारली आणि गंगेला सांगितलं, येताहेत, जरा फेऱ्यानं येताहेत. तेव्हापासून पोरगं धड जेवत नाही. त्याला बोल लावू नका, नाहीतर तुमचा दुसरा गुडघा मी दुखवीन.

मंगलची बोटं अवघडली, तेव्हा पुरे करते. खाली अंगठा माझाच आहे.

तुमची वहिनी,
कुशाबाई

ता.क. राख सावडताना तुम्ही चिमूटभर अस्थी फडक्यात बांधून भीमाशंकरला सोडायला नेल्या होत्या. तुमचा आळस मला ठाऊक आहे. ते फडकं अजून तुमच्या खळ्याकडच्या हिरड्याला लटकत असणार. असेल तर तुमच्या आळसाला माझा नमस्कार. हात लावू नका.

आणखी एक. ते इकडं पाठवूही नका, टांगलेलंच राहू द्या. वर 'ठणठणीत' लिहिलंय तेवढं खोटं आहे. घोडेगावच्या डॉक्टरनं पोटात गाठ दाखवलीय. भरतला ठाऊक नाही, मंगलला आत्ता लिहिताना कळलं. माझं झालं की फडकं खाली काढा आणि आम्हा दोघांना एकदमच घोड नदीत सोडा. काशी नको. पायी न्या आणि दोघांना एकाच माणसाच्या हातात द्या. फार थांबावं लागायचं नाही, तुमच्या आळसाला झेपेल.

मंगल लिहायची थांबली होती. तिला म्हटलं, रड गं, पण कागद बाजूला धरून रड. भावजींना वाचता आलं पाहिजे.