बाईसाहेब रवाळ चालल्या त्याची हकिकत

आदरणीय वहिनी,

धाकट्या दिराचा नमस्कार पोचावा. तुमची पाठ, पुतणीचा खोकला आणि दादाचे दोन्ही गुडघे (नवा आणि जुना) यांची खुशाली वेगवेगळी कळवा. मागच्या खेपेस तुम्ही 'सगळे बरे' असं सरसकट लिहिलंत, त्यात नक्की कोण कोण आलं ते कळलं नाही. इकडे मी अगदी मजेत. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन उचललात की दादा शेजारी कान टवकारून बसतो आणि घोडीचा विषय निघाला की तुमच्या हातातून फोन ओढून घेतो.

तर घोडीविषयी. दादाने गुडघा बदलून घ्यायला लेकीकडे निघताना मला तुमच्या घराच्या किल्ल्या दिल्या आणि म्हणाला, "गिऱ्हाईक मिळेपर्यंत बाईसाहेबांना सांभाळ. रोज डोंगरवाटेने फिरवून आण, नाहीतर अंगात आळस भरेल." कोणाच्या ते सांगितलं नाही. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. माझ्या हाताखालून गेलेला सर्वात मोठा जीव म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातला लाकडी कोकीळ. तरीपण खरारा करणं, खुरात अडकलेला चिखल-खडे आकडीने काढणं, चंदीचे हरभरे भिजवून ठेवणं हे मला जमलं. खुरं साफ करताना बाईसाहेब माझ्या पाठीवर रेलून खुशाल डुलकी काढतात (आपल्या घराण्यात माझ्यावर इतका भार कोणी टाकल्याचं आठवत नाही), तेव्हा मला वाटलं, जमलं आपलं.

पाठीवर बसलो आणि भ्रम फिटला. दादा बसला की ही घोडी अशी सुळसुळ चालते की स्वाराच्या हातातला चहा कपात हलत नाही. त्या चालीला रवाळ म्हणतात आणि ती उपजतच असावी लागते, हे दादाने मला जेवताना इतक्यांदा ऐकवलंय की आमटीलाही पाठ झालं असेल. माझ्या वाट्याला मात्र अशी दुडकी आली की माझे दात, चष्मा आणि मतं, तिन्ही खिळखिळी झाली. फाटकाशी पोचतो तोच कोणाच्या तरी दोरीवरची चादर फडफडली, बाईसाहेब बिचकून उजवीकडे वळल्या आणि मी ठरल्याप्रमाणे सरळ गेलो. (तुमच्या गुलाबांच्या वाफ्याबद्दल सविस्तर भेटीत बोलू.)

दादाला फोन लावला. पडलास कसा, लागलं का, काही नाही. पहिला प्रश्न, "तिला काही झालं नाही ना?" आणि दुसरा, "तू लगाम धरतोस की लगामाला लोंबकळतोस?"

"पडू नये म्हणून घट्ट धरतो."

"तू घाबरून ओढतोस, मग ती घाबरून पाठ ताठ करते. ताठ पाठीच्या घोडीला कसली आलीय चाल? खाली उतर आणि आधी तिच्याबरोबर चालायला शीक."

मग मी पायी निघालो. ती थांबली की थांबायचं, दोरीला बोटभर ताण द्यायचा, तिने पाऊल टाकलं की तो ताण लगेच सोडायचा. ओरडायचं नाही, चाबूक तर घरातच नाही. पलीकडच्या शिंपीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही घोडीला फिरवता की घोडी तुम्हाला?" हसलो. उत्तर मलाच नको होतं. तिला माझ्या आवाजाची सवय व्हावी म्हणून बोलत राहावं लागतं. आधी तिला घड्याळांबद्दल सांगितलं. तो साठा संपला. मग वर्तमानपत्रातलं सांगितलं. मग अशा काही गोष्टी सांगितल्या ज्या मी कोणालाच सांगितल्या नव्हत्या. एवढे मोठे कान समोर असले की माणूस वाहवतो, वहिनी. शिवाय ती मध्येच स्वतःचं सांगत नाही, हा तिचा गुण दादात नाही.

पुढे ओढ्यावरचा लाकडी पूल आडवा आला. फळी वाजली की बाईसाहेब मागे. ओढायचं नाही म्हटल्यावर करणार काय? दोरी सैल सोडून मी पुलाच्या मधोमध बैठक मारली आणि डबा उघडला. बराच वेळ ती काठावरून माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम ओढ्याकडे तोंड करून जेवलो. शेवटी एक खूर फळीवर वाजला, मग दुसरा, आणि मानेवर गरम श्वास आला. पोळी तिने खाल्ली. मी ताक प्यायलो. मग दोघं पलीकडे गेलो.

आणि परवा ते घडलं. पूल ओलांडून मी पाठीवर बसलो, चढ संपला, वाट सपाट झाली. लगाम हातात होता, पण मी कसल्याशा विचारात तो आवळायचा विसरलो. तिने मान डोलवायला सुरुवात केली आणि खालून आवाज बदलला. दुडकीत दोन ठोके असतात. हे चार होते, सुटे, सारखे, एकही मागेपुढे नाही. मी इतका स्वस्थ कधी बसलो नव्हतो, खुर्चीतसुद्धा. मी ओरडलो, "अरे, बघा, बघा!" आणि मागे वळून पाहिलं.

मागे नुसती वाट होती.

तशी ती नेहमीच असते, पण त्या दिवशी जरा जास्तच लांब वाटली. घरी येऊन शिंपीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चालली? म्हणजे, चालतेच ना घोडी?" मग मी चहा केला. सवयीने दादाचा धरून दोन कप मांडले आणि दोन्ही मीच प्यायलो.

बाकी क्षेम. पुतणीला आशीर्वाद, दादाला काहीच नको.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. गिऱ्हाईक आलं होतं. घोडी चावते असं मी त्याला सांगितलं. तेवढ्यात बाईसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून डोळे मिटले. माणूस विरघळला, पुन्हा येतो म्हणाला. दादाचं मन तुम्हीच वळवा. माझं तो ऐकणार नाही, आणि चावण्याची गोष्ट आता कोणी मानणार नाही.

ता. ता. क. 'अगदी मजेत' हे शब्द वर चुकून पडलेत. खोडले तर कागद घाण दिसेल म्हणून राहू दिले.

ता. ता. ता. क. पुढच्या दाराच्या पायऱ्या काढून मी तिथे लाकडी उतार केला आहे, एका बाजूला धरायला कठडाही. विचारणाऱ्यांना घोडीसाठी म्हणून सांगतो. घोडी पुढच्या दाराने येत नाही, हे दादाला कळेल. तुम्ही फक्त कधी येताय ते लिहा.