यादीतलं तुझं नाव

चिरंजीव योगेंद्रास,

सगळ्यात आधी शेजारची सुभद्राबाईच टपकली. "चहा ठेव, मतदार यादीवाले आपल्या गल्लीत शिरलेत!" तिच्या मागोमाग शाळेतल्या दोन बेन, म्हणजे मास्तरणी, यादी घेऊन आल्या. मी चौथी शिकलेली, तरी यादीत तुझं नाव आधी मलाच दिसलं. तुझ्या बारशाला हरखले होते ना, तशी हरखले बघ.

धाकटी बेन मला इकडच्या रीतीनं हाक मारत म्हणाली, "बा, योगेंद्रभाई घरी आहेत?"

मी म्हटलं, "कॅनडात आहे. टोरांटोच्या सत्तर वर्षांपूर्वीच्या महापालिका निवडणुकीवर पुस्तक लिहितोय." मग तू फोनवर दाखवलेला तिथला फोटोही सांगितला, डिसेंबरच्या बर्फात काठी टेकत मत द्यायला निघालेल्या म्हातारीचा. "आजी, ही तुझी बहीण," म्हणाला होतास. तिच्या लोकरीच्या टोपीपर्यंत सगळं ऐकवलं मी.

तेवढ्यात सुभद्राबाईनं पदर तोंडाला लावला. मागच्या वर्षी तुला तिथून पेटीतून आणलं, हे तिनंच सांगून टाकलं.

थोरली बेन खुर्चीवरून उठून माझ्याजवळ खाली बसली. "बा, नाव कमी करावं लागेल. घरच्या कुणाची तरी सही हवी."

"त्याचा बाप कामावर आहे," मी म्हटलं, "आणि माझा हात थरथरतो." खोटं बोलले रे. हे पत्र बघ, एक ओळ तरी वाकडी आहे का?

त्यांनी चहा घेतला, सहीचा कागद ठेवून गेल्या. सही होईपर्यंत तू आपल्या भेस्तानचा मतदार आहेस. गुरुवारी परत येतो म्हणाल्या.

तुझी वाट बघायची सवय न सुटलेली,
आजी