जस्ताची बादली

धुळे,
ता. ९ जानेवारी १९५६

चि. कुंदा हिस आजोबांचे अ. आ.

तुझे पत्र पोहोचले. मजकूर उत्तम, मात्र एकाही वाक्यात स्वल्पविराम नाही. इंटर सायन्सच्या विद्यार्थ्यांना विरामचिन्हांची माफी असते, असे माझ्या वाचनात नाही. यापलीकडे तपासण्याचे त्राण मला उरलेले नाही. दोन ओळी लिहिल्या की मान भरून येते.

तुझ्या रसायनशास्त्राला एक प्रश्न. दिवाळीपूर्वी घेतलेली जस्ती बादली तळाशी गंजली. कधीही गंजणार नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. परत नेली तेव्हा तो म्हणाला की, बादली घासतात हे तो प्रथमच ऐकतो आहे. या उद्धटपणाचा अर्थ मला उमगला नाही. भिकू वैधव्यानंतर माझ्याकडे राहावयास आली, तेव्हापासून या घरातील प्रत्येक भांडे रोज चिंचेने व राखेने घासले जाते. बहिणीला ही शिस्त मीच लावली.

तिचा खोकला लांबला आहे. विचारले की म्हणते, “माले काय व्हयनं? बठ्ठं बरं शे.” तुझे वडील तिला औषधपाण्यासाठी जळगावास बोलावतात, पण मग येथे माझे कोण पाहणार? ती स्वतःच नको म्हणते. विषय संपला.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र स्वल्पविरामांसह यावे.

शालिग्राम

---

जळगाव,
ता. १६ जानेवारी १९५६

ती. नानांचे चरणी कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा तपासले आहे. तरी चूक निघेलच. सोबत संक्रांतीचा तिळगूळ आहे.

आम्ही नुकताच विद्युत्घट केला. एका पेल्यात जस्ताची कांडी, दुसऱ्यात मोरचुदाच्या पाण्यात तांब्याची, आणि मध्ये क्षार भरलेली वाकडी नळी. तारा जोडताच काटा एक व्होल्टच्या जरा पुढे सरकला. प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याची ओढ निराळी असते आणि ती आकड्यांत मांडता येते. जस्ताची लोखंडापेक्षा जास्त. तांब्याची दोघांपेक्षा कमी. म्हणून ओल्या बादलीत जस्त स्वतः विरघळते आणि लोखंडाला राखते. ओरखडा पडला तरी राखते. लोखंड शाबूत दिसते, त्यामुळे जस्ताकडे कोणी पाहत नाही. ते संपले की मगच गंज दिसतो.

चिंचेने तांबे उजळते, नाना. जस्त मात्र झिजून जाते. दुकानदार उद्धट नव्हता.

दिवाळीत मी आले होते तेव्हा भिकुआक्का पीठ मळताना आपल्याकडे पाठ करून बसत. त्यांच्या बोटांना भेगा पडल्या आहेत. खोकताना त्या चुलीच्या धुराला बोल लावत. चूल विझलेली असतानाही. त्या ‘नको’ म्हणतात ते आपल्यासाठी. त्यांना पाठवावे, एवढेच मागते.

माझ्या बोलण्याचा राग आल्यास तो पुढल्या पत्रात लाल शाईने यावा. माया तेवढी आटू नये.

आपली,
कुंदा

---

धुळे,
ता. २३ जानेवारी १९५६

चि. कुंदा हिस अ. आ.

तुझे पत्र निर्दोष आहे. आक्षेप एकच: ‘लोखंडाला राखते’. धातूला मन नसते; शास्त्रात असे लिहू नये. मी गुण कापले असते.

तरीही काल भिकूला हात दाखव म्हणालो. तिने ते आधी धुऊन आणले. इतकी वर्षे मी भांडी उजेडात धरून पाहत आलो; हात पाहिले नाहीत. औषधासाठी जळगावास जायचे आहे, असे सांगताच तिने विचारले, “भाऊ, तुमले खिचडी रांधता येस का?” येत नाही, हे मी मान्य केले. मग ती पदराआड हसली, आणि हसता हसता इतकी खोकली की मला तिला धरून बसवावे लागले.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने निघतो. चाळीसगावास गाडी बदलताना तिची पेटी कोणी उचलावी, यावर आमचे भांडण झाले. ते मी जिंकलो आहे. वडिलांना स्टेशनावर पाठव. तिने किती दिवस राहावे हे डॉक्टर सांगतील. मी विचारणार नाही. रविवारी एकटाच परतेन.

मी फार थकलो आहे, कुंदा. खिचडीत पाणी किती घालावे, ते मात्र तुझ्या आईकडून लिहून घेऊन ठेव.

तुझे पत्र आले त्या दिवसापासून तिला काही घासू दिलेले नाही. तांब्याचा हंडा काळवंडला आहे. पाणी पूर्वीसारखेच लागते.

आम्हां दोघांवर तुझी माया असू दे.

शालिग्राम