खरवडलेलं लेबल

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची दिल्लीला! नवरा गौरव लष्करात, त्याचं पोस्टिंग सीमेवर, कँटोन्मेंटात क्वार्टर मिळेपर्यंत मी सरोजिनी नगरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकटी. दारावर हौसेने नावाची चिठ्ठी चिकटवली: रेवती. खाली बाजाराचा गलका, तेवढीच सोबत. करोल बागेत वकील नीलाताईंकडे नोकरीही लागली. त्यांची तिसरी पिढी दिल्लीत, त्यामुळे मराठीत मध्येच 'अच्छा', 'चलो' येतंच. ज्या इंजेक्शनविरुद्ध त्या केस लढतायत, त्याचे चार डोस मीही घेतलेत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांनी ही वही हातात ठेवली. म्हणाल्या, यार, रोजचं रोज लिही, तारखेनिशी लिहिलेलं ग्राहक आयोगापुढे कामाला येतं.

५ नोव्हेंबर

मूल राहावं म्हणून देतात ते इंजेक्शन. कंपनीने मे महिन्यात बाजारातून परत मागवलं. ते घेतलेल्या बायकांना फोन करायचे, फॉर्म भरायचे, हे माझं काम. मार्ग तीन: कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार, धोका लपवला म्हणून दवाखान्याविरुद्ध, नाहीतर सगळ्यांची मिळून एकच. मुदत दोन वर्षं. पण पुरावा हवा बॅच नंबर असलेल्या बाटलीचा, आणि तिथेच घोडं पेंड खातं. सासूला कळू नये, शेजारणीने विचारू नये म्हणून जिने तिने नखाने लेबल खरवडून काढलेलं! मला हसू आलं. मग आठवलं, मीही तेच केलंय. गोड बातमी तीन महिने कुणाला सांगू नये म्हणतात. माझ्याकडे सांगण्यासारखं काही झालंच नाही. बाटली मात्र अजून जपून ठेवलीय.

११ नोव्हेंबर

फोन ठेवताना सगळ्या आवाज खाली आणून एकच सांगतात. दिवस गेलेले नाहीत, सोनोग्राफी साफ. तरी दिवेलागणीला पोटात काहीतरी खरवडतं. लाथ नव्हे. नखाने लेबल काढावं तसं. इथल्याच द्वारका भागातल्या कृतिकाने विचारलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? माझ्यासारखेच तिचेही आईवडील हयात नाहीत. ऐकायला कुणी नाही म्हणून ती तासभर बोलली. नीलाताई म्हणाल्या, बिल्कुल लिहू नकोस, केस हसण्यावारी जाईल. मी रकाना कोरा ठेवला. मला फार वाईट वाटलं.

१८ नोव्हेंबर

कृतिका फोन उचलत नाही. शेवटी नवऱ्याने उचलला. मायके गई है, म्हणाला. गाझियाबादच्या पार्वतीचा नवराही तेच म्हणाला. अकरा फोन केले, अकराही जणी माहेरी.

कृतिकाला माहेर कुठंय?

२१ नोव्हेंबर

आज साडेपाचला मलाही. आधी वाटलं, मनाचे खेळ. पोटावर हात ठेवून बसले. आतून, सावकाश, एका कडेपासून.

गौरवचा फोन लागत नाही. तिथे रेंज नसते.

२३ नोव्हेंबर

नीलाताईंना सांगितलं. अच्छा, म्हणाल्या, मान वर न करता. मी भरलेला माझा फॉर्म गठ्ठ्यात नव्हता. बॅच नंबर नाही तर पेशंट कसली, असं म्हणाल्या. हजेरीच्या वहीत माझ्या नावाच्या जागी कागद खरवडलेला. मी कुणाला विचारलं नाही. भीती वाटली.

२४ नोव्हेंबर

गौरवचा फोन आला! रडूच फुटलं. तो विचारत होता, माहेरी नीट पोचलीस ना. नीलाताईंनी कळवलं म्हणे. अरे, आई-बाबा जाऊन सात वर्षं झाली, तूच तर खांदा दिलास— मी ओरडून सांगितलं. आराम कर, म्हणाला. ठेवला.

२५ नोव्हेंबर

ऑफिसला गेले नाही. कुणी विचारलंही नाही.

बाटली खिडकीशी तिरपी धरली की खरवडलेल्या जागी अंक पुसट दिसतात. एवढे लिहिले तर मी आहे. मग कुणी म्हणू दे, माहेरी गेली—

साडेपाच. पोट शांत आहे. आवाज आता आतून नाही.

दाराबाहेरून येतोय. चिठ्ठीवर. माझ्या नावाच्या एका कडेपासून—

मी रेवती. चार डोस घेतले. मी कुठेही गेलेले नाही. कोरा रकाना तुझा होता कृतिका, मला माफ—

बॅच नंबर: के ७ ० ४—